फोरमनला चालेल असं हॉटेल

हॉटेलात कुत्रं चालेल का, असं कुणाला विचारायची वेळ चंद्रभानवर उभ्या आयुष्यात आली नव्हती. हॉटेलात तो स्वतःच कधीमधी गेलेला. तारापूरच्या एमआयडीसीत खलाशी म्हणून लागला तेव्हापासून डबा घरचा, आणि सुटी झाली की पाय सालवडच्या खोलीकडं. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. कारखान्यात बॉयलर आला, टाकी आली, की ती गाडीवरून उतरवून जागेवर नेऊन बसवणारा. साखळ्या, कप्प्या, लाकडाचे ओंडके आणि अंगातला जोर, एवढंच भांडवल.

अवजड माल हलवायच्या आदल्या दिवशी चंद्रभान सगळी वाट पायी चालून यायचा. वरच्या तारा किती लोंबतात, वळणावर गाडीचं शेपूट कुठं घासेल, मोरी वजन पेलेल का, सगळं बघायचा. ठेकेदार म्हणायचा, "चंद्रभान, ड्रायव्हरला डोळे आहेत."

"आहेत ना. पण ते उद्या बघणार. मला आज बघू द्या."

त्याच्या हातून माल कधी कलंडला नाही. हे तो कुणाला सांगत नसे, पण कुणी विसरलेलं त्याला चालत नसे.

रिटायर झाल्यावर त्यानं ट्रेलर बनवला. भंगारात निघालेल्या कॉम्प्रेसरचा चाकांवरचा सांगाडा उचलला, वाकलेलं सरळ केलं, नवा आस घातला. वर प्लायवूडची खोली, बाहेरून पत्रा, आत दोन बाकडी आणि शेगडी. पुढं ओढायला जुनी बोलेरो. पासिंगसाठी आरटीओत इतके खेटे घातले की गेटवरचा चहावाला त्याला नावानं हाक मारायला लागला. त्याची बायको सोजराबाई दारात उभी राहून ते बांधकाम बघायची.

"पानटपरी टाकताय का?"

"फिरायला जायचंय आपल्याला."

"ह्याच्यात? माझ्या माहेरी असल्यात शेरडं नेतात."

पण चाकं लागल्यावर ती एकदा आत जाऊन बसली, खिडकी उघडझाप करून पाहिली, आणि त्यानं विचारलं, "कुठं जायचं बोल." तेव्हा ती जे बोलली ते ऐकून चंद्रभान हातातला पाना तसाच धरून राहिला.

त्याचं असं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी सोजराबाईला मुतखडा झाला. शेजारच्या भागीनं सांगितलं, बियरनं खडा पडतो. दवाखान्याचं औषध चालूच होतं, वर ही बियर. खडा पडला. कशानं पडला ते खड्यालाच माहीत. चव मात्र राहिली. तेव्हापासून रविवारी दुपारी सोजराबाई एक बियर घ्यायची. दाराला कडी, खिडकीला पडदा, आणि बियर स्टीलच्या पेल्यात, म्हणजे कुणी आलंच तर ताक वाटावं. चाळीत कुणाला पत्ता नव्हता. पोरीलासुद्धा नाही.

"मला एकदा काचेच्या ग्लासात प्यायचीय," ती म्हणाली. "बाहेर, उघड्यावर. खुर्चीत बसून. बाकीची माणसं बसतात तशी."

"बस ना. कोण नको म्हणतंय."

"आन फोरमन पण येणार. त्याला सोडून मी येणार न्हाई. एकदा जमलं तर जमलं. कुणी एक वाकडा शब्द बोललं, का त्याला हाड केलं, तर मी एसटीनं घरी येईन. पुन्हा ह्या डब्यात पाय ठेवणार न्हाई."

ती शब्दाची पक्की होती. एका लग्नात जावेनं तिच्या आमटीला नाव ठेवलं, त्यानंतर त्या घराची पायरी तिनं चढली नाही. चंद्रभानला हे ठाऊक होतं. सगळं आयुष्य त्यानं दुसऱ्याचा माल दुसऱ्याच्या जागेवर पोचवला होता. आता एकदा बायकोला शेजारी बसवून किनाऱ्याच्या टोकापर्यंत जायचं, मग पुढं दापोली, मालवण, जमेल तिथपर्यंत, एवढं एकच त्याच्या मनात होतं. पहिली फेरी फसली की ट्रेलर दारात उभा राहून त्यात कोंबड्या बसणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

फोरमन म्हणजे कुत्रं. कारखान्याच्या गेटवर वाढलेलं. सगळे खलाशी साखळी ओढायला लागले की हा पुढं बसून भुंकायचा आणि स्वतः काही करायचा नाही, म्हणून नाव फोरमन. चंद्रभान रिटायर झाला त्या दिवशी तो त्याच्या मागून घरी आला आणि राहिला. अंगानं वासराएवढा, एक कान फाटका.

पनवेलहून पोरीनं, प्रतीक्षानं, कुत्री चालणाऱ्या रिसॉर्टांची नावं मोबाईलवर पाठवली. प्रत्येकाखाली लिहिलेलं, लहान जातीची कुत्री चालतील.

"फोरमनला म्हणावं, लहान हो," सोजराबाई म्हणाली.

तेव्हा चंद्रभाननं आपल्या पद्धतीनं काम काढलं. श्रावणात पावसानं उघडीप दिली तशी मोपेड बाहेर घेतली, फोरमनला पायाजवळच्या फळीवर उभं केलं आणि वाट बघायला निघाला. ठरवलेली वाट लहानच होती. बोईसरहून पालघर, माहीम, केळवे आणि शेवटी दातिवरे. एक नियम त्यानं आधीच घातला. गाडी रात्रीपुरती उभी करून चाकांना उटी, म्हणजे ती घरंगळू नयेत म्हणून लाकडाच्या पाचरी, लागल्याशिवाय त्यानं घोट घ्यायचा नाही. म्हणजे दुपारचा थांबा फक्त जेवणाचा, बियरचा थांबा मुक्कामाचाच.

प्रत्येक ठिकाणी तो फोरमनला घेऊन बसायचा, चहा सांगायचा आणि बघत राहायचा. पालघरच्या अलीकडं एका धाब्यावर वेटर कुत्र्याला ओलांडून बिनतक्रार चहा ठेवून गेला. चंद्रभानला बरं वाटलं.

"कुत्ता चलेगा ना?"

"चलेगा चाचा. इधर सब चलता है."

"मेरी मिसेस भी आयेगी. बियर लेगी."

वेटरनं त्याच्याकडं बघितलं. "लेडीज मत लाओ चाचा. लेडीज बैठेगी तो बाकी सब उठ जाएगा."

तो धाबा गेला. पुढं एका मोठ्या हॉटेलात फॅमिली रूम होती, गार हवा, बंद काचा. मॅनेजर म्हणाला, फॅमिली चालेल, बियर चालेल, कुत्रं नको, खाली गालिचा आहे. चंद्रभाननं गालिचा बघितला. फोरमननंही बघितला आणि पाय वर करायच्या बेतात आला, तेव्हा दोघं निघाले. माहीमच्या रस्त्याला एका खानावळीची बाई म्हणाली, "बाबा, कुत्रं काय, घोडा आना. पन दारूची बाटली हितं उघडायची नाय." जेवणाला ती जागा पक्की झाली.

बियरची जागा सापडली दातिवऱ्याच्या अलीकडं. बदामाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, धर्मेश नावाचा पोरगेला मालक, स्वयंपाकात त्याची बायको हिमानी. आतली बाई बाहेर डोकावते म्हणून गावातल्या चार बायकाही जेवायला यायच्या. फोरमन टेबलाखाली शिरला तर धर्मेशनं न सांगता टोपात पाणी आणून ठेवलं.

"नाव काय याचं, काका?"

"फोरमन."

"मग आधी त्यालाच विचारतो, चहात साखर किती."

चंद्रभाननं त्याला सगळं खरं सांगितलं. धर्मेश हसला नाही. दिवाळीनंतर या, म्हणाला, झाडाखालचं कोपऱ्यातलं टेबल काकूंचं.

आता अडचण राहिली ट्रेलरची. धर्मेशच्या फाटकातून आत वळताना विहीर आडवी येत होती. चंद्रभान चालत पुढं गेला. गावाच्या कडेला वाळूची मोठी सपाट जागा होती, तीत बांबूचे खांब रांगेनं पुरलेले. एक म्हातारा, नवशा, कडेला जाळं शिवत बसला होता.

"ही जागा कुणाची?"

"आमचीच. मोकली हाय बघा. लावा काय लावायचं ता."

"दिवाळीनंतर आलो तर चालेल?"

"या की. तवा तं आमी सगलेच हितं असू."

चंद्रभानला वाटलं, काय मायाळू माणूस आहे.

ते खांब मासळी सुकवायचे, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. इतकी वर्षं सुके बोंबील बाजारातून त्यानंच आणले होते. पण खलाशाची नजर जागा बघते ती समोर दिसते तशी. लोखंडाची टाकी पावसाळ्यात जेवढी, उन्हाळ्यात तेवढीच. मोरी रुंद ती रुंदच. हंगाम नावाची गोष्ट त्याच्या कामात कधी आलीच नव्हती. त्यानं खांबांमधली रुंदी पावलांनी मोजली, ट्रेलर कडेनं सरळ बसतो हे बघितलं. मग एक खांब दोन्ही हातांनी धरून हलवला. ओल्या वाळूत तो तसूभर हलला नाही. फोरमनला इथं बांधायचं, हेही ठरून गेलं.

दिवाळी झाल्यावर ते निघाले. सोजराबाई खिडकीशी, मागच्या सीटवर फोरमन. माहीमच्या खानावळीत जेवण झालं. बाईनं फोरमनला भाकरी घातली आणि सोजराबाईला दुसऱ्यांदा आमटी वाढली. गाडीत बसताना सोजराबाई म्हणाली, "एवढं झालं." तिच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळ होतं. पुढच्या रस्त्यानं ती सुरूची झाडं बघत होती आणि मध्येच म्हणाली, "नवी साडी आणलीय. तिथं नेसेन."

दातिवऱ्याला वळण घेतलं तसा वास आला. मग जागा दिसली. श्रावणात उघडे असलेले सगळे खांब आता दोऱ्यांनी एकमेकांना जोडलेले होते आणि दोऱ्यांवर बोंबील, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बायका टोपल्या घेऊन रांगांमधून वावरत होत्या. नवशानं हात हलवला. बोलल्याप्रमाणं त्यानं कडेची जागा सोडली होती.

"इथं?" सोजराबाईनं विचारलं.

"बघून ठेवलीय."

त्यानं ट्रेलर सरळ लावला, चाकांना उटी दिल्या. मग फोरमनला उतरवून तो ठरलेल्या खांबाशी आला. खांबावर आता ओल्या बोंबलांची दोरी ताणलेली होती. पण खांब तोच होता, पारखलेला. चंद्रभाननं आपली गाठ मारली. ती गाठ ताणली की आणखी आवळते, सुटत नाही. सोजराबाई साडी बदलायला आत गेली. चंद्रभान बोलेरो बंद करायला वळला.

गाठ सुटली नाही. खांब सुटला. वाळू आता कोरडी होती, आणि फोरमननं आयुष्यात प्रथमच खरा जोर लावला होता. खांब उपटून निघाला, त्याच्या मागं दोरी, दोरीमागं दुसरा खांब, मग तिसरा. सगळी रांग वाळूत झोपली. फोरमन खांब फरफटत तिच्यावरून चालत गेला आणि मध्यावर बसून खायला लागला.

"अरे कुनाचा ह्यो मुडदा!" टोपली टाकून धावत आली ती नवशाची बायको, येसूबाई. "कुत्रा हाय का बैल! आरं हाकला त्याला! सकालपासून कंबर मोडली माजी, सगला मातीत घातला!"

चंद्रभान जागच्या जागी उभा होता. माल पडला होता. त्याच्या हातून.

"बाई, माझी चूक आहे," तो म्हणाला. "भरपाई देतो."

"भरपाई काय बोंबील टांगायला येनार हाय? पैशानं लागलेली वालू निगत नाय. उचला, धुवा न् परत टांगा. ऊन हाय तवर."

ट्रेलरचं दार उघडलं. सोजराबाई नव्या साडीत, केसांना तेल लावून दारात उभी. तिनं पडलेली रांग बघितली, फोरमनकडं बघितलं, मग येसूबाईकडं. रस्त्यावर पालघरची एसटी उभी होती, कंडक्टर चहा पीत होता. चंद्रभाननं एसटीकडं बघितलं आणि सोजराबाईनं त्याला बघताना बघितलं.

ती खाली उतरली. पदर खोचला. "टोपली कुठं हाय, बाई?"

फोरमनला चंद्रभाननं ट्रेलरच्या हुकाला बांधलं. तो हुक काही उपटणार नव्हता. मग काम सुरू झालं. वाळूतला बोंबील उचलायचा तो एकेक, मूठभर उचलला तर लिबलिबीत मासा चिरडतो. टोपली भरली की पाण्यापर्यंत न्यायची, दोनदा बुडवून काढायची. चोळायचं नाही, चोळलं की साल निघते. ओली टोपली भरलेल्या घागरीपेक्षा जड, आणि वाळूत पाय रुतणार. सोजराबाई पहिल्या खेपेला धापा टाकत आली, पण थांबली नाही. मग टांगणं. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची.

"बोट आत घालू नको, दात हायत त्याला," येसूबाई म्हणाली.

"लागले."

"लागतीलच. पहिल्या दिशी सगल्यांना लागतात. असा धर. हां. आता कसा!"

चंद्रभान खांब उभे करत होता. जुन्या खड्ड्यात खांब ठेवून चालणार नव्हतं. तो प्रत्येक खड्डा कोपरभर खोल नेत होता, तळाला दगड, वरून ओली वाळू ठोकून, आणि शेवटच्या खांबाला दोन बाजूंनी तणावे. बायका ओले बोंबील घेऊन खोळंबल्या.

"भाऊ, बांबू पुरताव का पूल बांदताव?" येसूबाई म्हणाली.

"त्यांचं असंच हाय," सोजराबाई म्हणाली. "दाराला कडी बसवायची तर दिवस घालवतात. पण मग ती कडी दार मोडलं तरी निघत न्हाई."

बायका हसल्या. चंद्रभान वाळू ठोकत राहिला. त्याला एवढंच कळलं की ती चिडलेली नाही. पण हे कामापुरतं असेल, असंही त्याला वाटलं.

शेवटची जोडी दोरीवर गेली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. सोजराबाईच्या नव्या साडीवर खवले, पाणी, वाळू. हातांना वास असा की साबणानं जाणार नाही. एसटी केव्हाच निघून गेली होती.

"चल," चंद्रभान म्हणाला, "धर्मेशनं टेबल ठेवलंय."

"अशी? बघा की अवतार. तिथली माणसं नाक धरतील."

"साडी बदल."

"हात बदलू का?" ती ट्रेलरच्या पायरीवर बसली. "राहू द्या. न्हाई जमायचं ते न्हाई जमायचं."

येसूबाई टोपल्या एकात एक घालत होती. "कुटं जायचं होतं तुमाला?"

"कुठं न्हाई," सोजराबाई घाईनं म्हणाली.

चंद्रभानला वळसे घालून बोलता येत नसे. दमला होता, त्यामुळं अजिबातच आलं नाही. "हिला बियर प्यायची होती," तो म्हणाला. "बाहेर बसून. घरी कडी लावून पिते."

"अहो!"

सोजराबाईचं तोंड पडलं. इतकी वर्षं पडद्याआड जपलेली गोष्ट त्यानं उघड्या माळावर बायकांच्या घोळक्यात टाकली होती. वाकडा शब्द आता येणार, आणि तो आपणच ओढवून आणला, हे चंद्रभानला बोलून झाल्यावर समजलं.

येसूबाईनं टोपली खाली ठेवली. "न् त्याच्यासाटी बोयसरवरना गाडीला घर बांदून आलाव?"

"हो."

"मना वाटला, देवाला चाललाव." ती गुडघ्यांवर हात टेकून हसायला लागली. "येवडीशी गोष्ट! आगं, दिसभर टोपल्या वाहून कोन ताक पितो? आमची पालखी असते तवा आमी बायका अंगनात बसतो न् घेतो. कोन आडवतो? नवशा! खुर्च्या काड बाहेर."

"मंग आमाला नाय का?" मागून कुणीतरी विचारलं.

"तू मोडलेस का बांबू? तू नीग घरी."

सोजराबाई मान खाली घालून बसली होती. मग तिचे खांदे हलायला लागले. चंद्रभान घाबरून पुढं झाला, तर ती हसत होती.

तो चालत धर्मेशकडं गेला. धर्मेशनं कोपऱ्यातलं टेबल पुसून ठेवलं होतं, खाली फोरमनसाठी टोपात पाणी. त्यानं चंद्रभानला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काका, बोट बुडाली का?"

"बांधून दे. तिकडंच बसतोय आम्ही."

हिमानीनं तळलेली सुरमई आणि तांदळाच्या भाकरी बांधल्या. धर्मेशनं गार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या आणि सुरमईचे काटे फोरमनला घालू नका, असं बजावून सांगितलं.

तो परतला तेव्हा येसूबाईच्या अंगणात, रस्त्याच्या तोंडाशी, सोजराबाई खुर्चीत बसली होती. पाय पसरून. येसूबाईनं पाहुण्यांचे काचेचे ग्लास काढले होते, फुलं रंगवलेले. चंद्रभाननं ओतली. फेस आला तो सोजराबाई बघत राहिली, कारण स्टीलच्या पेल्यात तो कधी नीट दिसला नव्हता. येसूबाईनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाय. आमची ताडी बरी."

रस्त्यानं दोन बायका पाण्याच्या कळशा घेऊन चालल्या होत्या. सोजराबाईचा हात आपोआप पदराकडं गेला, ग्लास झाकायला. बायका थांबल्या.

"येसू, पावनी कोन गं?"

येसूबाई सांगणार तेवढ्यात सोजराबाईच बोलली. पदर तिनं सोडून दिला होता. "बोईसरची. बोंबील टांगले आज सगळे. काम झालं, आता बसलेय."

"दमली असशील," बाई म्हणाली, आणि त्या पुढं गेल्या. एवढंच. सोजराबाईनं ग्लास उचलला आणि अर्धा एका दमात संपवला.

"उद्या सकालीच होडी येनार हाय," येसूबाई म्हणाली. "जास्ती येनार. हात कमी हायत आमचे."

सोजराबाईनं चंद्रभानकडं बघितलं नाही. "थांबू की," ती म्हणाली.

चंद्रभान उठून अंगणाच्या कडेला गेला. उद्याचं जेवण त्यानं परतीच्या वाटेवर केळव्याला ठरवलं होतं. तिथं फोरमनसाठी सावली, ट्रेलरला वळायला जागा, पाण्याचा नळ, सगळं बघून ठेवलेलं. त्यानं तिथल्या मालकाला फोन लावला आणि सांगितलं की उद्या येत नाही.

"काय झालं? कुत्र्याचा प्रॉब्लेम?"

"नाही," चंद्रभान म्हणाला. "मंडळींना इथं काम लागलंय."